शब्दकोडं आणि यमुनाबाई वाघ

फ्रान्सची राणी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती कापसाच्या वेचणीत. दिवाळी होऊन गेली होती, बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं आणि कमरेला ओट्या बांधून आम्ही तिघी ओळीनं वेचत चाललो होतो. माझी आई, जिला मी माय म्हणायची, मध्ये. मी तिच्या डाव्या हाताला. आणि शेजारच्या रानातल्या सखूमावशी उजव्या हाताला. माय एकदम थांबली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "शांते, त्या राणीच्या घागऱ्याखाली काय असतं म्हणलीस?" मी म्हणाले, "सांगाडा. मोठ्या माशाच्या हाडांचा. घागरा फुगून राहावा म्हणून." सखूमावशींनी तोंडाला पदर लावला. "आगं, मंग ती बाई बसत कशी असंल?" यावर आमची वेचणी बराच वेळ थांबली. राणी बाजेवर बसली तर काय होईल, बैलगाडीत चढली तर काय होईल, आणि घाईची वेळ आली तर काय करत असेल, या सगळ्याचा आम्ही कसून विचार केला. त्या दिवशी आमच्या ओट्या नेहमीसारख्या भरल्या नाहीत.

हे सगळं सुरू झालं होतं शब्दकोड्यामुळे. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, गावापासून थोडी दूर आमची वस्ती. माझे वडील, त्यांना सगळेच नाना म्हणत, पेपर घ्यायचे तो मिरचीच्या भावासाठी. पेपर भोकरदनहून एस.टी.नं दुपारी यायचा आणि नानांच्या हातात पडेपर्यंत संध्याकाळ व्हायची. भाव वाचायचे, मग कोण वारलं ते वाचायचे, आणि पेपर बाजेखाली सरकवायचे. जगात बाकी काय चाललंय याच्याशी त्यांचं भांडण नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. रविवारची पुरवणी मात्र मायच्या वाट्याची. माय शहागडची, गोदाकाठची. तिथल्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती आणि वाचताना अक्षराखाली बोट धरून, मोठ्यानं, एकेक शब्द चावून वाचायची. गोष्टी तिला आवडत नसत. "लोकाच्या घरातल्या भानगडी आपल्याला कशाला?" पण शब्दकोडं आलं की तिला तहानभूक राहायची नाही. चुलीपुढे बसून ती भाकरी थापायची आणि मी उंबऱ्यावर बसून सूचना वाचायची. थापटण्याचा आवाज एका लयीत चालू असायचा. तो थांबला की समजायचं, मायला उत्तर सुचतंय. थांबून पुन्हा सुरू झाला की समजायचं, हुकलं. आजही माझ्या कानात कोडं म्हटलं की तोच आवाज येतो, आणि नाकात तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आणि मिरचीच्या ठेच्याचा खाट. पहिली भाकरी नानांची, दुसरी माझी, आणि अवघड सूचना असेल तर तिसरी हमखास करपलेली.

त्या दिवाळीनंतर पेपरानं एक मोठं कोडं स्पर्धेसाठी काढलं. विषय होता, 'अठराव्या शतकातील युरोप : जीवन आणि संस्कृती'. हे रचणारा महाभाग कोण होता कोणास ठाऊक! मराठवाड्यातल्या वाचकांना त्यानं तिफण-वखर सोडायला लावून थेट राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात नेऊन उभं केलं. मी तेव्हा नववीत होते आणि माझ्या इतिहासाच्या पुस्तकात तो काळ नुकताच सुरू झाला होता, म्हणून घरातली जाणकार मीच ठरले. माझं ज्ञान किती, तर धड्याच्या पहिल्या दोन पानांएवढं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी.

सुरुवातीच्या सूचना भराभर सुटल्या. 'नाकात ओढण्यासाठी सरदार लोक नक्षीदार डबीत बाळगत' हे मी वाचून पूर्ण करायच्या आतच सखूमावशी ओरडल्या, "तपकीर!" आणि कनवटीची आपली डबी काढून एक चिमूट ओढूनही मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून त्या स्वतःला सरदार म्हणवून घेऊ लागल्या. आडवी एक सूचना होती, 'ज्याच्या शेताला शिपायांचा पहारा बसवून लोकांच्या मनात त्याची हाव निर्माण केली, ते पीक'. माय म्हणाली, "हरभरा. राखण ठेवली की लोक हटकून उपटतात." मी म्हणाले, "माय, घरं तीनच आहेत, हरभऱ्याला चार लागतात." तर म्हणे, "दोन अक्षरं एका घरात बसव की. आपण न्हाई का राह्यलो दाटीवाटीनं?" दोन दिवस ती हरभऱ्यावरून हटली नाही. शेवटी उभ्या शब्दातून 'टा' आला आणि बटाटा निघाला, तेव्हा तिला फार वाईट वाटलं. बटाट्यासारख्या भाजीला कोणी शिपाई ठेवतं, हे तिला पटेचना.

तिचा जीव खरा अडकला तो मेंढरात. सूचना अशी होती की कापडी फुग्याला टोपली बांधून पहिल्यांदा आकाशात सोडलेले तीन प्राणी म्हणजे कोंबडा, बदक आणि कोण? मायच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तिचे वडील कळप घेऊन फिरायचे ते थकल्यावर शहागडला स्थिरावले होते. 'मेंढरू' हे उत्तर तिनं लगेच दिलं, पण मला लिहू देईना. "आधी सांग, ते खाली आलं का? का मेलं वर?" मी म्हणाले, पुस्तकात नाही. "मंग थांब." एवढा वेळ थांबून तरी कुठून कळणार होतं? शेवटी सखूमावशींनी शपथेवर सांगितलं की सुखरूप आलं असणार, तेव्हा कुठे तीन घरं भरली. परवा जालन्यात माझ्या नातवानं फोनवर शोधून दाखवलं, मेंढरू खरंच धडधाकट उतरलं होतं आणि राजानं त्याला आपल्या प्राण्यांच्या बागेत ठेवून घेतलं. वाचून मला एवढा आनंद झाला की मी शेजारणीला जाऊन सांगितलं. आमची कॉलनी एमआयडीसीला लागून. तिकडून लोखंडाचा ठणठणाट चालू असतो, त्यात त्या बिचारीला फक्त 'मेंढरू' एवढंच ऐकू आलं. मायला सांगायचं मात्र राहून गेलं.

आठवडा संपत आला तरी एक जागा रिकामी होती. 'श्रीमंत पुरुष आपल्या खोट्या केसांच्या टोपावर हे भुरभुरत असत.' दोन घरं. आम्ही अत्तर म्हणून पाहिलं, भस्म म्हणून पाहिलं, सखूमावशींनी गुलाल सुचवला. काही जुळेना. शनिवारी माय गिरणीवरून दळण घेऊन आली. डब्याचं झाकण वाटेत सैल झालं होतं. डबा डोक्यावरून उतरवून ती दारात उभी राहिली तर केस, भुवया, कपाळ, सगळं पांढरं. मी बघत राहिले आणि ओरडले, "माय, पीठ!" ती म्हणाली, "दिसतंय की मला, झटक आधी." मी म्हणाले, "अगं, कोड्यातलं पीठ!" मग मी कोड्यात बघितलं, घरं दोनच होती आणि उभ्या 'पाठ'चा ठ बरोबर बसला. माय तशीच पांढऱ्या डोक्यानं मटकन खाली बसली. "पीठ? डोक्याला? आणि तिथल्या गरिबाला भाकरी मिळत होती का?" मी म्हणाले, नव्हती मिळत, त्यावरूनच तर तिथं बंड झालं. "व्हायलाच पाहिजे," माय म्हणाली आणि पदरानं केस झटकू लागली, तेही खाली परात धरून.

कोडं पूर्ण झालं. खाली नाव आणि गाव लिहायला जागा होती, एवढीशी. मी नानांचं नाव लिहायला घेतलं, कारण आमच्याकडे काहीही लिहायचं म्हणजे नानांचंच. मायनं माझा हात धरला. "माझं घाल." मी 'सुमन' लिहू लागले. "ते न्हाई. माझं. यमुना."

हे मला ऐकून माहीत होतं, पण कोणी कधी बोलत नसे. माय लग्न होऊन आली तेव्हा यमुना होती. पण माझ्या आजीचं, म्हणजे नानांच्या आईचं नावही यमुनाच. आता नानांनी बायकोला नावानं हाक मारायची म्हणजे आपल्या आईलाच नावानं हाक मारल्यासारखं. सासरी नाव बदलायची रीत होतीच; हळद उतरायच्या आत मायची सुमन झाली. लग्नाच्या पत्रिका काही छापल्या नव्हत्या, अक्षता वाटून आवतणं गेली होती. त्यामुळे तिचं खरं नाव कुठंच छापून आलं नव्हतं. "मतदार यादीत तुझं नाव आहे की," मी म्हणाले. ती म्हणाली, "ती सुमन. तिला मी वळखते, बरी बाई हाय. पण शांते, एकदा माझं नाव छापून यावं असं लई वाटतं गं मला." तिनं आजवर आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी लिहिलं, 'यमुनाबाई वाघ, पिंपळगाव रेणुकाई'. मधलं नाव त्या जागेत मावलं नाही, आणि आम्हा दोघींना त्याची गरजही वाटली नाही. सोमवारी शाळेला जाताना पाकीट मी पेटीत टाकलं.

अचूक उत्तरांतून चिठ्ठ्या काढून बक्षिसं होती, आणि मायची चिठ्ठी निघाली. पण ते आम्हाला कळायच्या आधी गावाला कळलं. बाजारपेठेतल्या हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचायची रीत होती. नाना तिथं चहा पीत बसले असताना वाचणाऱ्यानं वाचलं, "यमुनाबाई वाघ, पिंपळगाव रेणुकाई." माझी आजी वारून बरीच वर्षं झाली होती आणि जिवंतपणी ती सहीच्या जागी अंगठा उठवत असे. एक जण म्हणाला, "नामदेवा, तुझी माय कोडे सोडवून राह्यली की वर!" दुसरा म्हणाला, "तिथं रिकामपण लई. शिकली असंल." हॉटेल हसून हसून लोटपोट झालं. नानांनी अर्धा चहा तसाच ठेवला. आजीनं त्यांना मोठ्या कष्टानं एकटीनं वाढवलं होतं. तिच्यावरचा विनोद त्यांना सहन होत नसे. हॉटेलातून ते तडक पोस्टमन गफूरभाईंकडे गेले आणि सांगून आले की या नावानं काही आलं तर घ्यायचं नाही, बाई वारलेली आहे, परत पाठवा.

घरी आले ते धुमसतच. जेवायला बसले आणि म्हणाले, "कोन्या हरामखोरानं माझ्या मेलेल्या मायची थट्टा लावली, सापडू द्या फक्त." मी घास तोंडात तसाच धरून बसले. आता आपली चामडी जाते, एवढंच मला समजत होतं. मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "थट्टा न्हाई केली कोनी. ते नाव माझं हाय."

"तुझं? तुझं नाव सुमन."

"सुमन तुमच्या घरानं ठेवलं. तुम्ही शहागडला बघायला आल्ते, तवा कोनाला बघायला आल्ते?"

नानांचा भाकरीचा हात वरच्या वर राहिला. ते म्हणाले, "ध्यानातच न्हाई राह्यलं गं माझ्या." ते खोटं बोलत नव्हते. खरंच विसरले होते, आणि विसरलो याचाच त्यांना धक्का बसला होता. मला त्यांची दया आली आणि मायचा इतका अभिमान वाटला की घास गिळायचं भान राहिलं नाही. मग नाना म्हणाले, "कोड्यात घातलं ते घातलं. पन चारचौघांत त्या नावानं तू... बिलकुल न्हाई जमणार मला. मायचं नाव हाय ते. तोंडातून निघणारच न्हाई." माय म्हणाली, "बरं. भाकरी घ्या, गार होऊन राह्यली." ती चिडली नाही की रुसली नाही. पण पुढच्या रविवारची पुरवणी चुलीजवळ घडी न मोडता पडून राहिली, आणि मी सूचना वाचायला लागले तर म्हणाली, "राहू दे, आज भाकऱ्या जास्ती हायेत." भाकऱ्या रोजच्याएवढ्याच होत्या.

त्यानंतरच्या बाजाराला आम्ही तिघं मिरची घेऊन गेलो. सगळ्या वस्त्यांवरचे लोक बाजाराला येतात म्हणून गफूरभाई त्या दिवशी निंबाखाली सायकल लावून तिथंच टपाल वाटायचे. माणूस नियमाचा पक्का, पण मनानं गोड. त्यांनी नानांना हाक मारली. "नामदेवभाऊ, तुमच्या अम्माच्या नावाचं पार्सल आलंय बघा. तुम्ही बोलले तसं परत धाडून राह्यलो. पत्त्यावरची बाई मयत हाय, म्हणून इथं सही करा, काम खतम."

माय मिरचीच्या पोत्याला टेकून बसली होती. तिनं नानांकडे पाहिलं फक्त, आणि मग समोरच्या मिरचीतले देठ निवडायला लागली. नानांनी पेन घेतलं. मला ओरडावंसं वाटत होतं. यमुनाबाई मयत आहे असं लिहून द्यायचं, आणि ती तर इथं हातभर अंतरावर देठ निवडत बसलेली! नानांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. गफूरभाई म्हणाले, "जल्दी करा भाऊ, लोक थांबले." नाना म्हणाले, "मयत न्हाई."

"आँ?"

"जिती हाय."

"कुठं हाय मंग?"

नानांनी हनुवटीनं मायकडे दाखवलं. गफूरभाई हसले. "ती तर सुमनभाभी." नाना म्हणाले, "तिचंच नाव हाय ते. पहिलं." "पहिलं-दुसरं मला नका सांगू. ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून साफ बोला, ही कोण." तोवर बघ्यांचा घोळका जमला होता. कोणी मिरचीचं माप अर्धवट सोडून आलं होतं. सखूमावशी सगळ्यांत पुढे. नानांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, रेणुकाईच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि पुटपुटले, "माय, माफ कर गं." मग वळून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यमुना. ही यमुना नामदेव वाघ. माझी घरवाली. आन ते कोडं हिनंच सोडवलंय."

लोक हसले, पण ते हसणं हॉटेलातल्यासारखं नव्हतं. सखूमावशींनी दोन्ही हातांनी मायची अलाबला घेतली. मायनं गफूरभाईंच्या कागदावर सही केली. 'य' काढायला तिला इतका वेळ लागला की मागच्या लोकांनी कुरकुर सुरू केली. पार्सलात गजराचं घड्याळ निघालं. गफूरभाईंनी चावी देऊन ते वाजवून दाखवलं आणि एका शेळीनं दावं तोडून बाजारात धुमाकूळ घातला, तो भाग मी पुन्हा कधीतरी चवीनं सांगते, कारण आमच्या गावात अजून तो सांगतात.

दिवस कलताना आम्ही घरी निघालो. नाना पुढे, खांद्यावर रिकामी पोती. त्यांच्या चालीला आम्ही कधीच पुरत नसू. मागे माय, डोक्यावर पाटीत घड्याळ, आणि तिच्या मागे मी. दोघं बाजारापासून एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. मला वाटत होतं, बाजारात गफूरभाईंनी अडवलं म्हणून नानांच्या तोंडून नाव निघालं. आता घरी गेलं की पुन्हा सुमन, पुन्हा शांताची माय. मायलाही तेच वाटत असणार, कारण ती खाली बघून चालत होती. नाना ओढ्यापर्यंत पोचले. पलीकडच्या काठावर चढून थांबले, वळले. आसपास कोणी नव्हतं. साक्षीदार नको होता, सही नको होती. तिथून त्यांनी हाक मारली, "यमुने! जल्दी चाल, दिवस बुडून राह्यला!"

माय जागच्या जागी थांबली. मला वाटलं ती रडणार. तिनं पाटी उतरवून माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि ज्या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्यातसुद्धा अडखळत घेतलं होतं, तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरून खच्चून आवाज दिला, "आले वो, नामदेवराव!"

नानांच्या खांद्यावरची पोती खाली पडली. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. आणि मग काठावर फतकल मारून बसले आणि असे हसायला लागले, की आम्ही दोघी ओढा ओलांडून त्यांच्याजवळ पोचलो तरी त्यांना उठता येईना.